म्युनिक, स्टुटगार्ट की केम्निट्झ? आधी भाड्याचा आकडा बघ

प्रश्न: ताई, मी नाशिकची. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून अंबड एमआयडीसीत दोन वर्षं नोकरी केली. आता जर्मनीत मास्टर्स करायचं आहे. एपीएसचं, म्हणजे भारतीय पदव्या तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र हातात आहे आणि उत्पादन तंत्रज्ञानाशी संबंधित अभ्यासक्रमांसाठी तीन ठिकाणांहून प्रवेशपत्रं आली आहेत: म्युनिक, स्टुटगार्ट आणि केम्निट्झ. तिन्ही सरकारी विद्यापीठं, तिन्हीकडे शिकवणं इंग्रजीत. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढताहेत. मावसभाऊ म्युनिकला असतो. तो म्हणतो, ‘डोळे झाकून इकडे ये, राहण्याचं मी बघतो.’ कॉलेजचे सर म्हणतात स्टुटगार्ट, कारण गाड्यांच्या कंपन्या तिथे. केम्निट्झचं नाव काढलं की सगळे नाक मुरडतात. २०१८ साली तिथे परदेशी लोकांच्या विरोधात मोर्चे निघाले होते, ते वाचून आई घाबरली आहे. माझी जर्मन भाषेची ए२, म्हणजे दुसरी पातळी झाली आहे. ऑक्टोबरात जायचंय. कुठलं शहर निवडू?
– गोंधळलेली, नाशिक

प्रिय नाशिककर,

तीन शहरांबद्दल तुला इतक्या जणांनी मतं दिली, पण पत्रात भाड्याचा आकडा कुठेच नाही. मी तिथूनच सुरुवात करते. जर्मनीतल्या पहिल्या वर्षात तू अभ्यास किती करशील, झोपशील किती, आजारी पडलीस तर दोन दिवस अंथरुणात राहू शकशील का, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

व्हिसासाठी तुला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरून ठेवावे लागतील. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाख रुपये. त्यातून महिन्याला ९९२ युरो तुझ्या हातात येतात. ही रक्कम सगळ्या शहरांना सारखीच, पण भाडी सारखी नाहीत. म्युनिकमध्ये वेगेतली, म्हणजे चार जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली ७५० ते ८०० युरोंच्या घरात जाते. स्टुटगार्टला साडेपाचशे ते सहाशे. केम्निट्झला तीनशेच्या आसपास.

आता कागद घे आणि बाबांसमोर बसून हिशोब मांड. आरोग्य विमा महिन्याला सुमारे १४० युरो, तो सक्तीचा. घरी स्वयंपाक केलास तर जेवणाला २०० पुरतात. सेमिस्टरची वर्गणी आणि प्रवास मिळून ५० धर, फोन-इंटरनेट २५, आणि कपडे, औषधं, वह्या, कधीतरी कॉफी असे १००. भाडं सोडून झाले ५१५. त्यात म्युनिकचे ७८० मिळवले की १,२९५. स्टुटगार्टचे ५७० मिळवले की १,०८५. केम्निट्झचे ३०० मिळवले की ८१५.

पण हिशोब इथे संपत नाही, कारण ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही. स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं. त्या राज्यात २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून आपल्यासारख्यांना शुल्क लावलंय, आणि मास्टर्ससाठी ते अभ्यासक्रमाप्रमाणे सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. चार सेमिस्टरचे सोळा ते चोवीस हजार युरो. हे तुझ्या मावसभावाला ठाऊक नसेल, कारण तो आधी गेला असेल तर त्याला भरावं लागलं नसेल. त्याच्या सांगण्यात खोट नाही, त्याचं म्युनिक वेगळं होतं.

हे शुल्क महिन्यावर पसरलं तर म्युनिकला तुला दरमहा साधारण ९७० ते १,३०० युरो कमी पडतील. स्टुटगार्टला ३४० च्या आसपास. केम्निट्झला शिक्षण शुल्क नाही, आणि ९९२ मधून १७५ युरो उरतील.

कमी पडणारे पैसे विद्यार्थी कुठून आणतात? काम करून. २०२६ च्या जानेवारीपासून जर्मनीत किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. म्हणजे म्युनिकची तूट भरायला महिन्याला सत्तर ते नव्वद तास, आणि कमाई वाढली की पेन्शनची कपात सुरू होते ती वेगळीच. कायद्याने तुला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण जमतं म्हणून करावं असं नाही.

मी आखेनला शिकले. माझी रूममेट पहिल्याच सेमिस्टरला पार्सलच्या गोदामात लागली. पहाटे साडेचारच्या बसने जायची. नोव्हेंबरात आठ वाजेपर्यंत उजाडत नाही आणि साडेचारला परत अंधार, त्यामुळे कित्येक दिवस तिने उजेड खिडकीतूनच पाहिला. तिचे कामाचे हातमोजे कायम आमच्या रेडिएटरवर वाळत पडलेले असायचे, बोटांपाशी फाटलेले, आणि खोलीभर पुठ्ठ्याचा वास. थर्मोडायनॅमिक्सची वही उशाशी उघडी, पण तिच्यातलं पान महिनाभर बदललं नाही. फेब्रुवारीत परीक्षा आल्या आणि चारपैकी तीन विषय गेले. तिथे वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन सावरून घेत नाही, बहुतेक विषयांत शेवटचा एक पेपर हेच सगळं. आणि बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करायलाही अडचण येते. ती मुलगी हुशार होती, माझ्यापेक्षा हुशार. चार सेमिस्टरचं शिक्षण तिला सात सेमिस्टर पुरलं आणि कर्जाचं व्याज नांदेडला तिचे वडील भरत राहिले.

तेव्हापासून शहराबद्दल कुणी विचारलं की मी एकच कसोटी सांगते. जिथे पहिलं सेमिस्टर पैशासाठी काम न करता पार पडेल, ते शहर निवडायचं. पहिले सहा महिने भाषा, परीक्षेची पद्धत, थंडी आणि एकटेपणा यांच्यातच जातात. त्यात पोटासाठी पहाटेची पाळी घालू नकोस. दुसऱ्या सेमिस्टरपासून कर ना काम. तेव्हा तुला प्राध्यापक ओळखत असतात, विभागात हिवी म्हणून, म्हणजे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून जागा मिळते, आणि ते काम अभ्यासाच्या उपयोगी पडतं.

या कसोटीवर म्युनिक बाद. शुल्कमाफी किंवा शिष्यवृत्ती लेखी मिळाली असेल तरच पुन्हा विचार कर. शहर सुंदर आहे, विद्यापीठ पहिल्या रांगेतलं आहे, महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. हे सगळं खरं. पण बाबांचं घर तारण असताना त्या सौंदर्याची किंमत कोण भरणार, ते आधी बघ.

मावसभावाच्या ‘राहण्याचं मी बघतो’ बद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. जर्मनीत पोचल्यावर, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पत्त्याची नोंद नाही तर निवास परवान्याचं काम अडतं, टॅक्स नंबर टपालाने येतो तो येणार कुठे, आणि बऱ्याच बँका खातं उघडायला कांकू करतात. मी गेले तेव्हा खोली आधीच ‘पक्की’ होती. एका माणसाने ऑनलाइन फोटो दाखवले, मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो म्हणाला, आणि मी डिपॉझिट भरलं. किल्ली आली नाही. मग मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत गादी टाकून सहा आठवडे काढले. रात्री फ्रिजची मोटर सुरू झाली की जाग यायची. तिच्या घरमालकाने माझ्या कागदावर सही करायला साफ नकार दिला, कारण भाडेकरारात माझं नाव नव्हतं. त्याचंही नियमाने बरोबरच होतं. त्या सहा आठवड्यांत मी जर्मनीत होते, पण कुठल्याच कागदावर नव्हते.

म्हणून मावसभावाला एकच प्रश्न विचार: तुझा घरमालक माझ्या नावाने सही देईल का? दोन आठवडे पाहुणी म्हणून राहणं आणि राहण्याची सोय होणं यात फार अंतर आहे. आणि कुठल्याही शहराची खोली घेताना, कुणी घर दाखवण्याआधी पैसे मागितले तर तिथेच थांब. भाडं विचारताना ‘काल्ट’ की ‘वार्म’ हेही विचार. काल्ट म्हणजे नुसत्या भिंती. हीटिंग आणि पाण्यासकट जे होतं ते वार्म. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकतं. तो पैसा ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेरचा लागतो, तेव्हा तिकिटाबरोबर त्याचीही तजवीज करून ठेवा.

आता तुझ्या सरांचं स्टुटगार्ट. त्यांचा मुद्दा मला पटतो. मर्सिडीज आणि पोर्शेची मुख्यालयं तिथे, बॉशचं शेजारच्या गेरलिंगनला. नाशिकच्या मुलीला बॉश काय ते मी सांगायला नको. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून एकमेकांची भगिनी शहरं आहेत, तिथल्या लोकांना आपल्याकडचं नाव अनोळखी नाही. शहर वाटीसारख्या खोलगट जागेत वसलंय, कडेच्या उतारांवर द्राक्षाचे मळे आहेत. गंगापूर रोडने पुढे गेलं की दिसतं तसं काहीसं, फक्त चढ जास्त. तुला आवडेल.

पण सर ज्या काळातलं सांगताहेत तो काळ आज नाही. जर्मन वाहन उद्योग इलेक्ट्रिक गाड्यांच्या फेऱ्यात आणि चिनी स्पर्धेत अडचणीत आहे. एकट्या बॉशने २०२५ च्या सप्टेंबरात १३,००० जागा कमी करण्याची घोषणा केली, आणि त्यात स्टुटगार्टच्या आसपासचे कारखाने मोठ्या प्रमाणावर आहेत. मी घाबरवत नाही. तू पास होऊन बाहेर पडशील तोवर चित्र बदलेलही. पण ‘कंपन्या तिथे आहेत’ एवढ्यावर जास्त भाडं आणि शुल्क भरणं मला पटत नाही. शिवाय कंपनी शेजारी असून काय उपयोग, जर मुलाखत जर्मनमधून असेल आणि तू ए२ वर असशील?

हे तुझ्या प्रश्नात नव्हतं तरी सांगते: शहरापेक्षा भाषा जास्त नोकऱ्या देते. अभ्यासक्रम इंग्रजीत, पण कारखान्यातला फोरमन जर्मनमध्येच बोलतो, आणि उत्पादन क्षेत्रात तुझं रोजचं काम त्याच्याशीच पडणार. बी१ निघण्याआधी हाताखालून गेलं पाहिजे, दुसऱ्या वर्षापर्यंत बी२. नाशिकला वर्ग नीट मिळत नसेल तर पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनची परीक्षा धरून तयारी कर. परीक्षेची तारीख ठरलेली असली की अभ्यास होतो.

आता केम्निट्झ. तिथले लोक ‘केम्नित्स’ म्हणतात, मुलाखतीत कामाला येईल. लोक नाक मुरडतात ते न बघताच. हे शहर एकेकाळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणून ओळखलं जायचं, कापडगिरण्या आणि त्यांना लागणारी यंत्रं इथे बनायची. आज ऑडीवर जी चार वर्तुळं दिसतात ती ऑटो युनियनची, आणि १९३२ साली सुरू झालेल्या त्या कंपनीचं घर हेच शहर. पूर्व जर्मनीच्या काळात, १९५३ ते १९९०, त्याचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. मार्क्सचं सात मीटर उंच काशाचं डोकं अजून भर चौकात आहे. २०२५ साली शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. पण तुझ्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्र-अवजारं आणि धातूला आकार देण्याच्या तंत्रावर काम करणारी फ्राउनहोफर ही संशोधन संस्था तिथे आहे. विद्यापीठाचं कामही त्याच विषयात मुरलेलं आहे. अंबडला दोन वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्या मुलीला ही जागा फिट बसते. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तिन्ही अभ्यासक्रमांचं मोडुलहांडबुख, म्हणजे विषयवार पुस्तिका, विद्यापीठाच्या पानावरून उतरवून घे आणि बघ, तुला ज्यात काम करायचंय त्यावर प्रत्यक्ष किती विषय आहेत. कधी कधी नाव एक असतं आणि आत अर्धे विषय व्यवस्थापनाचे निघतात.

आईची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथे चाकूहल्ल्यात एकाचा मृत्यू झाला, त्यानंतर अतिउजव्यांचे मोर्चे निघाले आणि परदेशी दिसणाऱ्यांवर हल्ले झाले. २०२५ च्या संसदीय निवडणुकीत सॅक्सनी राज्यात स्थलांतरितांना विरोध करणारा एएफडी पक्ष मतांत पहिला आला. हे आईपासून लपवू नकोस. माझ्या ओळखीची साताऱ्याची एक मुलगी तिथे तीन सेमिस्टर राहिली, मी तिला मुद्दाम फोन केला. ती म्हणाली, ट्राममध्ये एक म्हातारा दोनदा माझ्याकडे बघून पुटपुटला, आणि एकदा शनिवारी रात्री मुख्य स्टॉपवर दारू प्यायलेल्या पोरांनी काहीतरी ओरडून दाखवलं, मी पुढची ट्राम घेतली. मग म्हणाली, आणि ताई, डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या आजी दारात श्टोलन, म्हणजे नाताळचा केक, ठेवून गेल्या. तिथे नाताळात प्रत्येक खिडकीत लाकडी कमानीवर दिवे लावतात, जवळच्या खाणींच्या डोंगराळ भागातली ती पद्धत. चारलाच अंधार पडतो, पण रस्ताभर खिडक्या उजळलेल्या असतात, तेव्हा घरी चालत जाताना मला कधी भीती वाटली नाही.

ती रात्री अकरानंतर एकटी मुख्य स्टॉपवर थांबत नसे. एवढं पथ्य पाळावं लागतं, आणि ते पाळावं लागू नये असं मलाही वाटतं. विद्यापीठात भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत, त्यांतल्या मुलींशी बोल. मुलांशी नको, मुलींशीच, आणि आईला त्या फोनवर शेजारी बसव. दोन-तीन जणींशी बोलूनही आईचा जीव थाऱ्यावर येणार नसेल, किंवा तुझाच येणार नसेल, तर स्टुटगार्ट घे. रोज जीव मुठीत धरून दोन वर्षं काढायची नसतात. स्टुटगार्ट घेतलंस तर मात्र पहिल्या वर्षाच्या शुल्काचे ३,००० युरो आणि सहा महिन्यांची तूट निघण्याआधी बाजूला काढलेली हवी, म्हणजे वरची कसोटी तिथेही लागू होईल.

केम्निट्झची खरी अडचण मला दुसरीच वाटते. शहर आडबाजूला आहे. लाइपझिगला जायला रेल्वेने तासभर, तोही जुन्या मार्गावर, काही भाग एकेरी. रविवारी दुकानं बंद असतात ती सगळ्या जर्मनीत, पण इथे त्या दिवशी शहर अगदी सामसूम होतं. गर्दीत वाढलेल्या माणसाला ते अंगावर येतं. सेमिस्टर तिकिटावर लोकल गाड्या फिरता येतात, तेव्हा महिन्यातून एक रविवार लाइपझिग किंवा ड्रेस्डेनला घालव.

आणि हे लक्षात घे, दोन वर्षं एकाच शहरात राहायची सक्ती नाही. इंजिनिअरिंगची बहुतेक मुलं प्राक्टिकुम, म्हणजे इंटर्नशिप, किंवा मास्टर्सचा प्रबंध एखाद्या कंपनीत करतात, पाच-सहा महिने, पगारावर. साताऱ्याच्या त्या मुलीने पहिली तीन सेमिस्टर केम्निट्झला काढली, बी२ केली, आणि प्रबंधाला स्टुटगार्टजवळ गेली. तेव्हा तिथलं महाग भाडं कंपनीच्या पैशातून निघालं. पुढे शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, तो देशभर चालतो. तुझ्या सरांचं स्टुटगार्ट तुझ्या वाट्याला असं दुसऱ्या वर्षीही येऊ शकतं.

थोडक्यात बाकीच्या पत्रलेखकांसाठी, कारण याच आठवड्यात आणखी पाच-सहा पत्रं आली: आखेन अभियांत्रिकीला उत्तम, पण खोल्यांची चणचण. ब्राउनश्वाइग आणि माग्डेबुर्ग परवडणारी आहेत, दोन्हीकडे अभियांत्रिकीची जुनी परंपरा आहे. बर्लिनला इंग्रजीवर निभतं, म्हणूनच बऱ्याच जणांची जर्मन तिथे ए२ वरच अडकते, आणि भाडी आता स्वस्त राहिलेली नाहीत. खाजगी संस्थांची लाखोंची फी भरून बर्लिनला पाठवणारे एजंट भेटतील, सही करण्याआधी सरकारी विद्यापीठांची यादी शांतपणे बघा.

तू केम्निट्झ घ्यावंस असं मला वाटतं. प्रवेश स्वीकारल्याचं कळवण्याची मुदत पत्रात असेल, ती आधी बघ. त्याच दिवशी श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या हॉस्टेलचा अर्ज भर. राइखनहाइनर श्ट्रासेवरची हॉस्टेलं कॅम्पसला लागूनच आहेत, त्यांना पहिली पसंती दे. घरमालकाच्या सहीची भानगडच उरत नाही, कागद हॉस्टेलचं कार्यालयच देतं. सामानात जाड जाकीट इथून नेऊ नकोस, तिकडेच चांगलं मिळतं. त्या जागेत छोटा कुकर ने, आणि त्याच्या दोन जास्तीच्या रिंगा.

खोली मिळाल्याचं पत्र आलं की मला कळव. साताऱ्याच्या त्या मुलीला मी विचारून ठेवलंय, ती आईशी बोलायला तयार आहे.

– तुझी ताई